पारसिकला वळसा: कळवा–ऐरोली रेल्वे जोड, मुंब्रा बायपास आणि ऐरोली–काटई. निवेदनात नेमकं काय मागायचं?

ठाकुर्ली_लोकल

नमस्कार मंडळी. कल्याण-डोंबिवलीहून ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात कामाला जाणाऱ्यांच्या वतीनं एक निवेदन तयार करतेय. आजवरची निवेदनं "गाड्या वाढवा, रस्ता रुंद करा, खड्डे बुजवा" या तीन ओळींत संपली आणि त्यांना "काम प्रगतिपथावर आहे" एवढंच उत्तर आलं. या वेळी मागणी अशी हवी की समोरच्याला तारीख किंवा आकडा देणं भागच पडेल. म्हणून जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

पहिली गोष्ट: ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, दिघा गाव स्थानकही सुरू झालं. तरी कल्याणकडच्या माणसाला नवी मुंबईसाठी ठाण्याला उतरावंच लागतं. कळव्याला चार सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड) टाकून गाडी थेट ऐरोलीकडे का वळवता येत नाही? त्यासाठी आखलेला खांबांवरचा, म्हणजे उन्नत मार्गच कशाला हवा?

दुसरी: मुंब्रा बायपास दर काही वर्षांनी दुरुस्तीला का काढावा लागतो? काम वाईट होतं की रस्त्याच्या मांडणीतच काही खोट आहे?

तिसरी: ऐरोली–काटई रस्ता झाला की शिळफाट्याची कोंडी सुटेल का?

उत्तरं सविस्तर द्यावीत ही विनंती. लांब झाली तरी चालतील.

अप_धीमी

ताई, पहिल्या प्रश्नासाठी नकाशा उघडा आणि ठाणे स्थानकावर बोट ठेवा. ट्रान्स-हार्बरची, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी गाडी फलाट ९-१० वरून सुटते, मुख्य मार्गाच्या बाजूनं खाडी ओलांडते आणि कळवा यायच्या आतच उजवीकडे विटावा-दिघ्याच्या दिशेनं वळते. म्हणजे कल्याणहून येणारा प्रवासी कळवा सोडतो, ही वळणाची जागा डब्यातून बघत खाडी ओलांडून ठाण्याला येतो, पश्चिमेकडच्या फलाटांवरून पूल चढून पूर्वेच्या टोकाला जातो आणि तीच खाडी उलट्या दिशेनं पुन्हा ओलांडतो. ठाणे स्थानकातल्या पुलांवरच्या गर्दीत अशा लोकांचा मोठा भाग आहे, ज्यांना ठाण्यात कामच नाही. २०२४ च्या मे अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन फलाट ५ दोन-तीन मीटरनं रुंद केला, त्यासाठी रूळ सरकवले, तयार काँक्रीटचे पोकळ ठोकळे बसवले. ते काम गरजेचंच होतं. पण त्यानं गर्दीला उभं राहायला जागा मिळाली, गर्दी कमी झाली नाही.

आता पाचवी-सहावी. कुर्ला ते ठाणे आणि दिवा ते कल्याण या मार्गिका आधीपासून होत्या, मधला ठाणे–दिवा तुकडा नव्हता. त्यामुळे मेल-एक्स्प्रेस दिव्याला लोकलच्या जलद मार्गावर शिरायच्या आणि ठाण्याला बाहेर पडायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांच्या मेगाब्लॉकनंतर हा तुकडा जोडला गेला. १.४ किमीचा रेल्वे उड्डाणपूल, ३ मोठे पूल, २१ लहान पूल. १९१६ सालचा पारसिक बोगदा आता मेल-एक्स्प्रेससाठी आहे आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूनं जातात. त्यातून ३६ फेऱ्या वाढल्या, पैकी ३४ वातानुकूलित. मध्य रेल्वेच्या फेऱ्या तेव्हा १८१० झाल्या: मुख्य मार्गावर ८९४, हार्बरवर ६१४, ट्रान्स-हार्बरवर २६२ आणि उरणकडच्या मार्गावर ४०. पाचव्या-सहाव्या मार्गिकेनं लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला केल्या. धीम्या मार्गावरून ऐरोलीला जाणारी वाट तिनं उघडलेली नाही, ते तिचं कामच नव्हतं.

मग चार सांधे का पुरत नाहीत? समजा कळव्यानंतर जमिनीवरच सांधे टाकले आणि कल्याणहून आलेली गाडी ऐरोलीकडे वळवली. तिला जाताना किंवा परतताना समोरून येणाऱ्या रुळांना छेद द्यावाच लागणार. १ मध्ये १२ च्या (१२ मीटरमागे १ मीटर बाजूला नेणाऱ्या) सांध्यावरून गाडी साधारण ३० किमी वेगानं जाते, म्हणजे सेकंदाला ८ मीटरच्या थोडं वर. १२ डब्यांची गाडी सुमारे २६० मीटर लांब, पुढे सिग्नलनंतरची १२० मीटर राखीव जागा. हे ३८० मीटर पार व्हायला ४५-५० सेकंद लागतात. त्याआधी सांधा फिरणं, तो कुलूपबंद झाल्याची खात्री होणं, सिग्नल पडणं आणि गाडी गेल्यावर हे सगळं पुन्हा उलट. हिशोब दोन मिनिटांवर जातो, आणि तेवढा वेळ समोरची धीमी गाडी लाल सिग्नलला उभी. जिथे गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतरानं धावतात तिथे दर वळणाऱ्या गाडीमागे समोरच्या दिशेची जवळपास एक फेरी गिळली जाते. तासाला चार गाड्या वळवल्या तर कसाऱ्या-कर्जतपर्यंतचं वेळापत्रक विस्कटेल.

छेद टाळायचा उपाय म्हणजे वरून जाणं. याचं उदाहरण घराजवळच आहे, कोपर स्थानक. वसई–पनवेल मार्ग तिथे वरच्या फलाटावरून जातो, खाली मुख्य मार्ग. मालगाडी वरून गेली तरी खालच्या लोकलला तिचा पत्ता लागत नाही. कळवा–ऐरोली उन्नत मार्गाचं तत्त्व हेच.

अवघड भाग उंचीचा. विजेच्या तारा असलेल्या रुळांवरून जायचं तर मोकळी उंची सुमारे साडेसहा मीटर ठेवावी लागते. वर गर्डर आणि रुळांची बैठक मिळून आणखी दोन मीटर धरा. म्हणजे नवे रूळ साडेआठ मीटर वर. १ मध्ये ४० चा चढ (४० मीटरमागे १ मीटर) धरला तर नुसत्या चढाला ३४० मीटर, दोन्ही टोकांच्या उभ्या वळणांसह ४०० च्या पुढे. आणि स्थानकाच्या आवारात १ मध्ये ४०० पेक्षा जास्त उतार चालत नाही, त्यामुळे फलाट संपल्यावरच चढ सुरू करता येतो. कळव्याच्या फलाटाच्या टोकापासून खाडीपर्यंत जागा किती उरते ते बघा, आणि त्या जागेत घरं किती आहेत तेही बघा. २०१६ मध्ये एमयूटीपी-३ ला (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला) मंजुरी मिळाली त्यात हा मार्ग होता. दिघा गाव स्थानक हा त्याचाच पहिला भाग, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. दुसरा भाग अडला तो शेकडो घरांच्या पुनर्वसनावर. त्या घरांतली माणसं आपल्यासारखीच रोज लोकलनं कामाला जाणारी आहेत. निवेदनात "अतिक्रमणं हटवा" असं लिहू नका. त्यांचं पुनर्वसन कुठे आणि केव्हा, हे विचारा. ते सुटल्याशिवाय एकही खांब उभा राहणार नाही.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. हा मार्ग झाला तरी कल्याण–वाशी गाडी कल्याण ते कळवा धीम्या मार्गावरूनच येणार. म्हणजे सीएसएमटीच्या एका धीम्या गाडीची जागा ती घेणार. कळव्यापासून पुढे ती जागा रिकामी राहील आणि ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीनं भरता येईल, पण दिवा, मुंब्रा, कळव्याच्या प्रवाशांना सीएसएमटीची एक गाडी कमी होईल. हा सौदा आधी मांडला नाही तर पहिल्याच दिवशी कळव्याला लोक रुळांवर उतरतील. म्हणून विचारायचा प्रश्न असा: गर्दीच्या तासाला कल्याण–वाशी किती फेऱ्या धरल्या आहेत आणि त्यांच्यासाठी धीम्या मार्गावरची जागा कुठून येणार?

ऐरोलीच्या टोकालाही हेच बघायचं. नवे दोन रूळ जुन्या दोन रुळांच्या एका बाजूनं येऊन मिळाले तर तिथे पुन्हा छेद होईल. एक रूळ डावीकडून, एक उजवीकडून आला किंवा नवी जोडी मधोमध उतरली तर गाड्या नुसत्या एकाच दिशेनं मिसळतात, कोणी कोणाला आडवं जात नाही. जोडणीचा नकाशा मागवा.

विटावा_नाका

अप_धीमी यांना पूर्ण अनुमोदन. एक जमिनीवरची भर घालतो. रेल्वेचा हा जोड नसल्याची किंमत ठाणे–बेलापूर रस्ताही भरतोय. कळवा नाक्याहून ऐरोलीकडे जाताना विटाव्याला रेल्वे पुलाखालून जावं लागतं. उंची कमी, दोन्ही बाजूंनी उतार, त्यामुळे जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी खाडीत जायच्याऐवजी पुलाखालीच थांबतं. पंप लावून पाणी उपसतात, पण भरतीच्या वेळी ते टाकणार कुठे? नाल्याच्या तोंडाला भरतीचं पाणी आत येऊ न देणारी झडप असेल आणि ती गाळानं अडकलेली नसेल तरच पंपाचा उपयोग. पावसाळ्याआधी पालिकेकडे फक्त एवढंच विचारावं: झडप आहे का, आणि गाळ कोणत्या तारखेला काढला.

डोंबिवलीकरांसाठी आजचा व्यवहारी सल्ला: तळोजा, कळंबोली किंवा पनवेलला जायचं असेल तर ठाण्याला जाऊच नका. दिव्याहून पनवेलकडे जाणाऱ्या मेमू गाड्या आहेत, दातिवली, निळजे, तळोजा, नावडे रोड असं करत जातात. फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे वेळ बघूनच निघावं. महापे-घणसोलीसाठी मात्र शिळमार्गे बस किंवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, तिसरा पर्याय नाही.

पूलदुरुस्ती

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. मुंब्रा बायपास २०१८ मध्ये मे ते सप्टेंबर पूर्ण बंद होता. तेव्हा जेएनपीटीचे (उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराचे) कंटेनर ऐरोली, ठाणे–बेलापूर रस्ता आणि ठाण्याच्या नाक्यांवर आले आणि काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतरही दुरुस्त्या झाल्याच. "निकृष्ट काम" म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण कारणं तीन आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं वजन. रस्त्याची झीज ही आसाच्या (एक्सलच्या) वजनाच्या ढोबळमानानं चौथ्या घातानं वाढते. दुहेरी चाकांच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टन होती, २०१८ मध्ये ती ११.५ टन केली. वाढ बारा-तेरा टक्क्यांची, पण झीज साधारण १.६ पट. आणि तोच आस १४ टन घेऊन आला तर १०.२ टनांच्या तुलनेत साडेतीन पट. म्हणजे असा मर्यादेबाहेर भरलेला एक ट्रेलर जुन्या मर्यादेतल्या तीन-चार ट्रेलरांएवढा रस्ता खातो. हलक्या गाड्या या हिशोबात जवळजवळ शून्य. बायपासवर तर ट्रेलर चढावर हळू चालतात आणि रांगेत उभे राहतात. उभ्या जड गाडीखालचं डांबर उन्हाळ्यात दबून चाकोऱ्या पडतात, मग पावसाळ्यात त्या चाकोऱ्यांत पाणी साचतं.

दुसरं पाणी. रस्ता डोंगराच्या पोटातून जातो. वरून येणारं पाणी आणि दगड-माती आतल्या बाजूच्या गटारात पडायला हवी. गटार दरडीच्या मातीनं भरलं की पाणी रस्ता आडवा ओलांडून उतरतं आणि डांबराच्या थरांखाली शिरतं. वरून चाक दाबतं, खाली पाणी अडकलेलं, खडी सुटते. खड्डा वरून पडलेला दिसतो, पण त्याची सुरुवात गटारात झालेली असते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुलाचे सांधे आणि बेअरिंग. रेल्वेवरून जाणाऱ्या पुलाच्या भागात खड्डा नेहमी सांध्यापाशीच का पडतो? गर्डर उन्हानं लांबतो, थंडीत आखडतो. ती हालचाल सामावायला दोन गाळ्यांमध्ये (खांबापासून खांबापर्यंतच्या पुलाच्या तुकड्यांमध्ये) फट असते, तिच्या दोन्ही काठांना पोलादी पट्टी आणि मध्ये रबर. गाळा ज्या बेअरिंगवर टेकलेला असतो ते जुनं होऊन दबलं किंवा सरकलं की एक काठ दुसऱ्यापेक्षा काही मिलिमीटर खाली जातो. एवढ्या पायरीवरून भरलेला ट्रेलर गेला की प्रत्येक आस हातोड्यासारखा आदळतो. पट्टीशेजारचं काँक्रीट फुटतं, रबर फाटतं, पाणी थेट खालच्या बेअरिंगवर गळतं आणि चक्र पुन्हा सुरू.

बरोबर दुरुस्तीचा क्रम असा: एका खांबावरचे सगळे गर्डर हायड्रॉलिक जॅकनी एकाच वेळी, काही मिलिमीटरच उचलायचे. एकच बाजू उचलली तर वरच्या स्लॅबला तडा जातो. उचलताना वर वाहतूक नको, आणि रुळांच्या वर असेल तर रेल्वेचा ब्लॉक हवा. जुनं बेअरिंग काढून खालचा ओटा साफ करायचा, न आकसणाऱ्या ग्राउटनं (सिमेंटच्या पातळ मिश्रणानं) समतल करायचा, नवं बेअरिंग बसवून गाळा खाली घ्यायचा. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंचं डांबर-काँक्रीट करवतीनं सरळ कापून काढायचं, सळ्या सरळ करायच्या, पट्टी बसवायची. फटीची रुंदी त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे ठरवायची. मे महिन्याच्या दुपारी गर्डर लांबलेला असतो, तेव्हा फट हिवाळ्याच्या मापाची ठेवली तर थंडीत ती जास्तच उघडते आणि रबर सुटून येतं. शेवटी काँक्रीट भरून त्याला पुरेसे दिवस पाणी मारायचं.

चूक होते ती या शेवटच्या पायरीवर. कोंडी होतेय, फोन येताहेत, म्हणून साध्या काँक्रीटचा सांधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी खुला केला जातो. सांधा तिथेच मरतो, फक्त दिसायला पहिला पावसाळा लागतो. घाईत खुला करायचाच असेल तर लवकर ताकद घेणारं मिश्रण निविदेतच लिहायला हवं.

दुसरी चूक, जुना थर न खरवडता वर नवा टाकणं. पुलावर साधारण ४० मिमी डांबरी काँक्रीट आणि २५ मिमी मास्टिक (पाणी न झिरपू देणारं डांबरी मिश्रण) एवढाच थर अपेक्षित असतो. ५० मिमीचा जादा थर म्हणजे चौरस मीटरला ११५-१२० किलो. ३० मीटर लांब आणि १० मीटर रुंद गाळ्यावर सुमारे ३५ टन कायमचं ओझं, वर पाणी जायची भोकं बुजली आणि सांध्याची पट्टी खड्ड्यात गेली ते वेगळंच.

तुलनेसाठी कोपरी पूल बघा. पूर्व द्रुतगती महामार्ग ४+४ मार्गिकांचा, रेल्वेवरचा पूल २+२. तिथे आधी जुन्या पुलाच्या दोन्ही अंगांना नवे पूल बांधले, ऑक्टोबर २०२१ मध्ये वाहतूक त्यांच्यावर नेली, मग मधला जुना पाडून नवे गर्डर टाकले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण रुंदी खुली झाली. वेळ गेला, पण रस्ता महिनोन्महिने बंद ठेवावा लागला नाही. बायपासला असा जोडपूल नाही, म्हणून तिथे दुरुस्ती म्हणजे बंद. निवेदनात खड्ड्यांऐवजी हे मागा: प्रत्येक सांध्याची आणि बेअरिंगची शेवटची तपासणी कधी झाली, आणि समांतर पुलाचा अभ्यास केला आहे का.

नकाशाप्रेमी

तिसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: सुटेल, पण तिन्ही टप्पे एकत्र सुरू असतील तरच.

पारसिकचा डोंगर उत्तरेला खाडीपर्यंत जातो. त्याच्या पश्चिमेला ऐरोली ते बेलापूर, पूर्वेला मुंब्रा, शिळ, तळोजा. कल्याणकडून नवी मुंबईत शिरायला व्यवहारात दोनच तोंडं, उत्तरेचं कळवा-विटावा आणि मधलं शिळ-महापे. बाकी सगळे रस्ते, कल्याण–शिळ सहापदरी काँक्रीटचा झाला तो धरून, शेवटी याच दोन तोंडांवर येऊन पडतात. शिळफाटा आणि कल्याण फाटा हे दोन चौक एकमेकांना खेटून आहेत. एकीकडून कल्याणचा रस्ता येतो, दुसरीकडून महापेचा, मधून जुना मुंबई–पुणे महामार्ग. कल्याणहून महापेला जाणाऱ्याला थोड्याशा अंतरात एक डावं आणि एक उजवं वळण घ्यावं लागतं, तेही पनवेल–मुंब्रा धावणाऱ्या कंटेनरांच्या रांगेतून. पदर कितीही वाढवा, या थोड्याशा अंतरातली गाड्यांची आडवी-तिडवी सरमिसळच कोंडी करते. म्हणून एमएमआरडीएनं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) तिथे उड्डाणपूल घेतले, ते योग्यच होतं.

ऐरोली–काटई सुमारे १२.३ किमीचा. पहिला टप्पा ठाणे–बेलापूर रस्त्यापासून डोंगराखालून, १.६८ किमीच्या जोडबोगद्यानं, जुन्या महामार्गापर्यंत. दुसरा ऐरोली खाडीपुलापासून ठाणे–बेलापूर रस्त्यापर्यंत उन्नत. तिसरा जुन्या महामार्गापासून काटई नाक्यापर्यंत, ६.७ किमीचा. हे डोंगराला पाडलेलं तिसरं तोंड आहे आणि म्हणूनच मोलाचं. पण टप्पा तीनशिवाय बोगद्याचं पूर्वेचं दार जुन्या महामार्गावर उघडतं. कल्याणकर तिथून पुन्हा शिळफाट्यालाच येणार.

ठाकुर्ली_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. नकाशाप्रेमी, बोगदा आधी खुला झाला तर काहीच फायदा नाही असं म्हणायचंय का? आणि जड वाहनांचं काय, ती याच रस्त्यावर आली तर?

नकाशाप्रेमी

फायदा आहे, पण मुंब्रा आणि तळोज्याच्या बाजूच्यांना. महापेचा घाट टळेल, त्यामुळे शिळ-महापे रस्ता थोडा हलका होईल. कल्याण-डोंबिवलीच्या लोकांना टप्पा तीन लागेलच. तो होईल तेव्हाही काटई नाक्याचा उतार बघा. उन्नत रस्त्यावरून सुसाट आलेली गाडी जिथे कल्याण–शिळ रस्त्यावर उतरते, तिथे आधीच कल्याण–तळोजा मेट्रो १२ चं काम, दोन्हीकडे वसाहती आणि सिग्नल. उतार संपल्यावर गाडीला रस्त्यात मिसळायला वेगळी मार्गिका पुरेशी लांब हवी, लगेच चौक असता कामा नये. घोडबंदरला सर्व्हिस रोडच्या बाबतीत हीच चर्चा झाली आहे, रस्ता रुंद झाला तरी मिसळायची जागा चुकली की फायदा तिथेच संपतो.

जड वाहनांचं उत्तर डोंगरापासून लांब आहे. जेएनपीटीहून गुजरातला जाणारा कंटेनर आज कळंबोली, तळोजा, शिळ, मुंब्रा बायपास, खारेगाव असा येतो आणि पुढे भिवंडीमार्गे चिंचोटीला किंवा घोडबंदरनं महामार्गाला लागतो. त्याला ठाणे जिल्ह्याच्या दाटीत यायचं काहीच कारण नाही. बडोदा–मुंबई द्रुतगती मार्ग बदलापूरच्या पूर्वेनं, माथेरानच्या डोंगराखालून चार किलोमीटरहून लांब जोडबोगद्यानं थेट पनवेलजवळ मोर्ब्याला येतो. तोच या कंटेनरचा खरा बायपास. मुंब्र्याचा बायपास बांधला मुंब्रा गाव टाळायला, त्याच्यावर बंदराचं ओझं नंतर येऊन पडलं. दुसरा भाग रेल्वेचा. जेएनपीटी–दादरी समर्पित मालवाहतूक मार्ग १,५०६ किमीचा, त्यातला वैतरणा–जेएनपीटी हा सुमारे १०२ किमीचा टप्पा आपल्या भागातून जातो. एका मालगाडीत ९० कंटेनर धरले, एकावर एक ठेवून दुप्पट, तर तेवढे ट्रेलर शिळफाट्यावरून कमी होतात. हे दोन मार्ग पूर्ण झाल्यावर जड वाहनांना कोणत्या वेळी बायपासची मनाई करणार, हे वाहतूक पोलिसांनी आजच ठरवून ठेवावं. नवा रस्ता झाला तरी चालक जुनाच धरतो, जर नव्यावर टोल असेल आणि जुना मोकळा.

अप_धीमी

कोणाला काय पाठवायचं यात चूक करू नका, नाहीतर पत्र टेबलावरून टेबलावर फिरतं. कळवा–ऐरोली उन्नत मार्ग एमआरव्हीसीकडे (मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे), गाड्यांचं वेळापत्रक मध्य रेल्वेकडे. ऐरोली–काटई आणि शिळचे उड्डाणपूल एमएमआरडीएकडे. कल्याण–शिळ रस्ता एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळाचा). मुंब्रा बायपास सार्वजनिक बांधकाम विभागाचा. एकाच पत्राच्या चार प्रती पाठवू नका. प्रत्येकाला त्याच्याच कामाची चार वाक्यं, बाकी काही नाही.

ठाकुर्ली_लोकल

तुमच्या सगळ्यांच्या मदतीनं मसुदा असा केलाय, कृपया तपासा.

एमआरव्हीसीला: कळवा–ऐरोली मार्गासाठी बाधित घरांची अंतिम यादी आणि पुनर्वसनाची जागा कोणत्या तारखेपर्यंत जाहीर होईल? ऐरोलीच्या टोकाला नवे रूळ जुन्या रुळांना छेद न देता मिळतात का, त्याचा नकाशा मिळावा. मध्य रेल्वेला: गर्दीच्या तासाला कल्याण–वाशी किती फेऱ्या धरल्या आहेत आणि कळवा, मुंब्रा, दिव्याच्या सीएसएमटी गाड्या कमी होणार का?

बांधकाम विभागाला: बायपासवरच्या प्रत्येक सांध्याच्या आणि बेअरिंगच्या शेवटच्या तपासणीची तारीख द्यावी. पुढच्या दुरुस्तीच्या निविदेत जुना थर खरवडण्याची आणि लवकर ताकद घेणाऱ्या काँक्रीटची अट असावी. समांतर पुलाचा अभ्यास लवकरात लवकर करावा.

एमएमआरडीएला: टप्पा तीन आणि काटई नाक्याचा उतार बोगद्यासोबत सुरू होईल का? उतारावरच्या मिसळण्याच्या मार्गिकेची लांबी किती?

पूलदुरुस्ती

छान झालंय ताई. दोन दुरुस्त्या. "लवकरात लवकर" खोडा, तिथे "येत्या ३१ मार्चपर्यंत" लिहा. आणि बायपासच्या पत्रात गटार राहिलं. डोंगराच्या बाजूचं गटार मे अखेरीपूर्वी पूर्ण लांबीत साफ केल्याची छायाचित्रं, जागेच्या किलोमीटर आकड्यासह, मागा. खड्ड्यांचे फोटो ते तुमच्याकडून मागतात, गटाराचे तुम्ही त्यांच्याकडून मागा.

विटावा_नाका

आणि पाचवं पत्र पालिकेला, विटाव्याच्या झडपेचं. ते मी लिहून उद्या इथेच टाकतो.